अजाण पोशिंदे

कृमी हा शब्द आपल्या घरांत सहसा मोठ्याने उच्चारला जात नाही. लहान मूल झोपेत दात खाऊ लागले, पोट धरून बसू लागले, की आजी हळूच म्हणते, "जंत झाले असतील." मग वावडिंगाचा काढा होतो आणि विषय तेथेच मिटतो. वस्तुतः विषय फार जुना आहे. अथर्ववेदात कृमींच्या नाशासाठी स्वतंत्र सूक्ते आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले असून त्यांवर तीन उपायही दिले आहेत. अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना शरीरात राहणे अशक्य करणे. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते आले ते कारणच टाळणे. पहिले दोन उपाय वैद्याच्या हातचे. तिसरा मात्र गृहस्थाच्या हातचा आहे, आणि तो करावयाचा तर कृमी कोठून येतो हे ठाऊक असावे लागते.

मी मराठीचा मनुष्य. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु बेगम बाजारात राहून सरकारी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळणाऱ्यास कधी कोणत्या प्रांतात पाऊल टाकावे लागेल ह्याचा नेम नसतो. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला. त्या दिवशी शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळावयास देतात. गोळी देण्याचे काम शिक्षकांचे आणि पालकांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम माझे. ह्या शंकांपायीच मला थोडे वाचावे लागले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारावे लागले. तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की शाळेतील ही गोळी मुख्यतः गोल कृमींसाठी आहे. चपट्या कृमींचे कूळ निराळे. त्यांत पानासारखे दिसणारे ते पर्णकृमी आणि फितीसारखे लांबलचक ते पट्टकृमी. मुलांच्या पोटातील गोल जंत सारा संसार बहुधा माणूस आणि माती ह्या दोहोंतच उरकतात. चपट्यांचे तसे नाही. त्यांचे बालपण एका प्राण्यात, तारुण्य दुसऱ्यात, आणि मधला प्रवास पाण्यातून किंवा गवतावरून. एखाद्या बदलीच्या नोकरीतील कारकुनासारखी त्यांची बिऱ्हाडे फिरती असतात.

ज्या प्राण्यात कृमी राहतो त्याला इंग्रजीत यजमान ह्या अर्थाचा शब्द आहे. मला तो पटत नाही. यजमान पाहुण्याला बोलावतो, पाट मांडतो, आग्रह करतो. आपल्या शास्त्रग्रंथांतून 'पोषक', 'आश्रय' असे शब्द योजलेले आढळतात. मला स्वतःला 'पोशिंदा' हा साधा शब्द जवळचा वाटतो. शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणताना त्यात जे मुकाट्याने पोसणे आहे, तेच येथेही आहे. फरक इतकाच की कृमीचा पोशिंदा अजाण असतो. आपण कोणाला पोसतो आहोत, ह्याची त्याला वार्ताही नसते. आणि अजाणपणाचा एक परिणाम असा, की दुखणे उघडकीस आले म्हणजे माणूस त्याचे खापर भलत्याच डोक्यावर फोडतो. मी हे दोनदा पाहिले आहे.

पहिला प्रसंग लहानपणीचा. आमचे आजोळ नांदेड जिल्ह्यात. मामांच्या दारी एक दुभती म्हैस होती. एके वर्षी ती रोड होत चालली, दूध आटले, आणि जबड्याखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबू लागली. घरात चर्चा झाली ती दृष्टीची. शेजारी एक एकाकी विधवा बाई राहत असे. ती अधूनमधून ताक मागावयास येई. "तिचीच नजर लागली," असे कोणीतरी म्हणाले आणि सर्वांनी मान डोलावली. मीठमोहऱ्या उतरून झाल्या, बाईचे येणे बंद झाले, तरी म्हैस काही वाचली नाही. ती फाडली तेव्हा गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर हजर होते. त्यांनी यकृताचा तुकडा कापून मामांना दाखवला. पित्ताच्या नळ्यांतून आंब्याच्या कोवळ्या पानांसारखे, तपकिरी रंगाचे, बोटाच्या दोन पेरांएवढे किडे बाहेर पडले. डॉक्टर म्हणाले, "हे तळ्यातून आले." मामा गप्प बसले. त्या बाईकडे जाऊन मात्र कोणीही काही बोलले नाही. तिला ताक मिळेनासे झाले ते झालेच.

डॉक्टरांच्या त्या तीन शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उलगडला. आपल्याकडील गुरांच्या यकृतात आढळणारा हा पर्णकृमी सात सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. त्याची अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि शेणाबरोबर बाहेर पडतात. शेण पाण्यात गेले की अंड्यातून केसाळ डिंभ निघतो आणि पोहू लागतो. त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. तेवढ्यात त्याला एका विशिष्ट जातीची गोड्या पाण्यातील गोगलगाय गाठावी लागते. ती सापडली तर तिच्या शरीरात शिरून तो रूपे पालटतो, आणि एकाचे शेकडो होतात. मग शेपटीचे नवे डिंभ गोगलगायीतून बाहेर पडून काठच्या गवतावर चढतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. म्हैस ते गवत खाते. कवच पोटात विरघळते, कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो आणि काही महिन्यांनी पुन्हा अंडी घालू लागतो. यकृत पोखरले गेले की रक्तातील सत्त्व घटते आणि जबड्याखाली पाणी साचते. म्हैस, तळे, गोगलगाय, गवत, आणि पुन्हा म्हैस. ह्या साखळीत शेजारच्या बाईच्या नजरेला कोठेही जागा नाही.

ही साखळी प्रथम उलगडली ती १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, इंग्लंडमध्ये टॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट ह्या दोघांनी, स्वतंत्रपणे काम करून. इंग्लंडात मेंढ्यांची अतोनात हानी झाली होती, म्हणून हा शोध. आपल्या शहराचाही अशा विद्येशी संबंध आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू दिसला. तो जंतू चपटा कृमी नव्हे. परंतु एका जीवाचे आयुष्य दोन पोशिंद्यांत विभागलेले असू शकते, हे रोगाच्या बाबतीत जगाला पटवून देणाऱ्या शोधांत आपल्या मुसीकाठाचा वाटा आहे, हे बेगम बाजारातील मुलांना मी आवर्जून सांगतो.

"तळ्याचे पाणी, म्हशी, गोगलगायी, हे खेड्यातले. आम्हां शहरी, शाकाहारी माणसांचा त्याच्याशी काय संबंध?" असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तरादाखल मी आमच्या बाजारातच मिळणाऱ्या एका वस्तूकडे बोट दाखवतो. उपवासाचे शिंगाड्याचे पीठ बेगम बाजारातील घाऊक किराण्यातूनच आपल्या घरोघरी जाते. शिंगाडा हे तळ्यात वाढणारे फळ. बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागांत ताजा, कच्चा शिंगाडा दातांनी सोलून खाण्याची पद्धत आहे. माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात राहणारा एक मोठा पर्णकृमी आपले कवचबंद डिंभ नेमके अशाच पाणवनस्पतींवर चिकटवून ठेवतो. फळ दातांनी सोलताना ते तोंडात जातात. जन्मात मांसाला न शिवलेल्या मुलाच्या पोटात तो कृमी वाढतो, तो फळामुळे. एकादशी करणाऱ्या भगिनींनी घाबरून जाऊ नये. फळ वाळवून, दळून, त्याचे थालीपीठ तव्यावर भाजल्यानंतर ते डिंभ जगत नाहीत. सांगावयाचे ते एवढेच, की कृमी ताटातील पदार्थाचे नाव पाहत नाही. तो पदार्थ कोणत्या पाण्यातून आला आणि अग्नीवरून गेला की नाही, एवढेच पाहतो.

काही कृमींना तर ताटाचीही गरज नसते. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गिमवी हे गाव वैद्यकाच्या ग्रंथांत अजरामर झाले आहे. तेथील लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह ह्यांनी त्याचे कारण शोधून काढले. आफ्रिका आणि पश्चिम आशियातील देशांना ठाऊक असलेला रक्तातील पर्णकृमी कोकणातल्या ह्या गावी सापडला. मूत्राशयाभोवतीच्या नीलांमध्ये नर आणि मादी जोडीने राहतात. नराच्या अंगच्या खोबणीत मादी सामावलेली असते. अंडी लघवीवाटे पाण्यात जातात, तेथे एका चिमुकल्या गोगलगायीत वाढ होते, आणि तेथून निघालेले डिंभ पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात. पाणी प्यावे लागत नाही, काही खावेही लागत नाही. नुसते पाण्यात उतरणे पुरे. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतील संशोधकांनी गिमवीत रुग्णांवर औषधोपचार केले आणि आपला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. कोकणातील एका खेड्याची ही कथा मला महत्त्वाची वाटते ती अशासाठी, की तेथे सोवळे-ओवळे, शाकाहार-मांसाहार हे सारे भेद निरर्थक ठरले होते. नदीत कोण उतरले, एवढाच प्रश्न होता.

आता दुसरा प्रसंग, आणि तोच मला हे लिहावयास लावणारा. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा तेलुगूच्या तासाला बाकावरून कोसळला. डावा हात आणि डावा गाल झटके देऊ लागला, मग सर्व अंग ताठ झाले. धावाधाव झाली. कोणी कांदा शोधू लागला, कोणी चप्पल काढून त्याच्या नाकाशी नेली, एकाने दातांत चमचा घालावयास घेतला. मी सर्वांना दूर केले आणि मुलाला कुशीवर वळवून ठेवले. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. अशा वेळी करावयाचे असते ते एवढेच. कुशीवर वळवावे, गळ्याशी कपडे सैल करावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

मुलगा आपल्याच समाजातला. वडील बेगम बाजारातील एका घाऊक दुकानात गुमास्ते. मूळ गाव देगलूरकडचे. तीन पिढ्या हैदराबादेत. घर अत्यंत सोवळ्याचे. रुग्णालयात मेंदूची तपासणी झाली आणि छायाचित्रात एक वाटाण्याएवढा ठिपका दिसला. डॉक्टरांनी निदान सांगितले, आणि ते ऐकून वडील तडक माझ्याकडे आले. चेहरा रागाने आणि अपमानाने लाल झालेला.

"सर," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, मुलाच्या डोक्यात डुकराच्या मांसातला जंत आहे! चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा शिवत नाहीत. मुलगा बाहेर काहीबाही खातो की काय? आईने तर त्याला देवापुढे उभे करून शपथ घातली. रडतोय बिचारा. घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पोरीचं लग्न ठरायचंय, सर. हे बाहेर कळलं तर?"

त्या घराचे काय पणाला लागले होते ते ह्या चार वाक्यांत आले आहे. एका निरपराध मुलाचा शब्द, बहिणीचे लग्न, आणि बापाचा आपल्याच लेकरावरील विश्वास. मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर आकृती काढून जे सांगितले, ते प्रत्येक घरी कळावयास हवे.

डुकराशी निगडित असलेल्या ह्या पट्टकृमीचे प्रौढपण फक्त माणसाच्या आतड्यात जाते. दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात तो प्रौढ होत नाही. दोन ते चार मीटर लांबीची ही फीत असते. तिला तोंड नाही, पोट नाही. आपण पचवलेले अन्न ती अंगभर कातडीतून शोषून घेते. डोक्यावरील आकड्यांनी आतड्याला धरून ठेवते आणि शेपटीकडील पिकलेले तुकडे एकेक करून सोडत राहते. एका तुकड्यात पन्नास हजारांच्या घरात अंडी असू शकतात. ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात. उघड्यावरील विष्ठा डुकराने खाल्ली की अंड्यातील डिंभ त्याच्या रक्तातून स्नायूंत जातात आणि तेथे तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढ्या पुट्या होतात. ते मांस नीट न शिजवता माणसाने खाल्ले, की पुटीतून पुन्हा फीत वाढते. १८५५ मध्ये क्यूखेनमाइस्टर ह्या जर्मन वैद्याने देहदंडाची शिक्षा झालेल्या कैद्याला अशा पुट्या खाऊ घालून, त्याच्या मृत्यूनंतर आतड्यात कोवळी फीत सापडल्याचे दाखवले. आज असा प्रयोग कोणी मान्य करणार नाही. परंतु साखळी जुळली ती अशी.

"मग लक्षात घ्या," डॉक्टर म्हणाले, "मांस खाल्ल्याने होते ती आतड्यातील फीत. मेंदूतील पुटी मांस खाऊन होतच नाही. ती होते अंडी पोटात गेल्याने. अंडी मांसात नसतात. ती असतात माणसाच्या विष्ठेत. न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या पालेभाजीवरून, पाण्यातून ती कोणाच्याही पोटात जातात. डुकराच्या शरीरात जे घडायचे, तेच मग माणसाच्या शरीरात घडते. तुमच्या मुलाने काहीही खाल्लेले नाही."

वडिलांनी आकृतीकडे बराच वेळ पाहिले. मग ते एवढेच म्हणाले, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता."

वैद्यकालाही हे सत्य उमगावयास वेळ लागला होता. भारतातील छावण्यांत राहून मायदेशी परतलेल्या कित्येक ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी फेफरे येऊ लागले. अशा साडेचारशे रुग्णांचा वृत्तान्त १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे संगणकाच्या साह्याने निघू लागली, तेव्हा आपल्याकडील मुलांच्या मेंदूत दिसणारे लहान एकुलते ठिपके क्षयाचे आहेत, असेच बहुतेक डॉक्टर समजत आणि क्षयाची औषधे देत. १९८९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ठिपके प्रत्यक्ष काढून तपासले, तेव्हा त्यांत पट्टकृमीची पुटी सापडली. मरू लागलेल्या पुटीभोवती सूज येते, म्हणून झटका येतो. पुष्कळदा हा ठिपका काही महिन्यांत आपोआप विरतो. पुढे वेल्लोरकडील पाहणीत, फेफऱ्याचा विकार चालू असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांत ह्या कृमीचा संबंध आढळला. म्हणजे ज्या रोगाला आपण भूतबाधा म्हटले, पूर्वजन्मीचे पाप म्हटले, ज्यापायी कित्येक मुलींची लग्ने मोडली, त्याचा एक मोठा हिस्सा टाळता येण्याजोगा होता.

डुकराचे मांस धर्मतः निषिद्ध असलेल्या घरांत हा आजार शिरल्याचे आणखी एक उदाहरण सर्वत्र दिले जाते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सनातनी ज्यू कुटुंबांत काही जणांना झटके येऊ लागले. मेंदूत ह्याच पुट्या निघाल्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात असे दिसले, की कृमी जेथे आढळतो अशा देशांतून आलेल्या घरकाम करणाऱ्या व्यक्तींकडून, त्यांच्या नकळत, अंडी त्या घरांत आली असावीत. हे वाचताना मनात चटकन राग येतो, तो त्या मोलकरणींचा. परंतु थोडा विचार करावा. आतड्यातील फीत सहसा फारसा त्रास देत नाही. जिच्या पोटात ती आहे तिला त्याचा पत्ताही नसतो. तीही अजाण पोशिंदीच. तिला कामावरून काढून टाकणे हा उपाय नव्हे. तिची शौचतपासणी करून औषध देणे हा उपाय. ती स्वतः त्यामुळे निरोगी होते, हा लाभ वेगळाच.

हे मला आमच्या गुमास्त्यांनाही सांगावे लागले. मुलावरील राग ओसरताच त्यांचा संताप वळला तो नाल्याकाठच्या वस्तीकडे. "ती डुकरं पाळणारी माणसंच सगळ्याच्या मुळाशी!" असे ते म्हणू लागले. मी म्हटले, "भाऊसाहेब, आकृती पुन्हा पाहा. डुकराला पुट्या झाल्या त्या माणसाच्या विष्ठेतून. त्याच्या पोटात कधी फीत नसते, त्याच्यापासून तुम्हांआम्हांला अंडी येत नाहीत. ह्या चक्रात डुक्कर आपल्या मुलासारखेच आहे, दुसऱ्याच्या घाणीचे फळ भोगणारे. आणि वस्तीत शौचालये पुरेशी नसतील, तर तो त्या वस्तीवर झालेला अन्याय आहे. तो तिचा अपराध कसा?" त्यांना ते लगेच पटले असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या आजोळची ती ताक मागणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि ह्या वेळी बोलावयाचे राहून जाऊ नये असे मला वाटले.

वर्गातही बोलावे लागले. दोन पालक येऊन गेले होते. त्या मुलाला वेगळे बसवावे, त्याचा डबा कोणी खाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मेंदूतील पुटी असलेल्या माणसापासून दुसऱ्याला काहीही होत नाही. कृमीची वाट तेथे खुंटलेली असते. मी विज्ञानाच्या शिक्षकांना बरोबर घेऊन आठवीच्या फळ्यावर माणूस, डुक्कर आणि कोथिंबिरीची जुडी अशी तीन चित्रे काढली आणि त्यांच्यामधील बाण मुलांकडूनच काढून घेतले. तासाच्या शेवटी एका मुलाने विचारले, "सर, मग ह्याला काहीच शिक्षा नाही ना?" बाणांनी जे साधावयाचे होते ते साधले होते. मुलगा आपल्या नेहमीच्या बाकावर बसू लागला.

साखळी कोठे तोडावी, हा प्रश्न उरतो. एक कडी आपल्याच शहरात तोडली जात आहे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी शोधलेली, डुकरांना देण्याची लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ह्या कंपनीने गेल्या दशकात बाजारात आणली. आफ्रिकेतील कॅमेरून देशातील प्रयोगात, लस आणि कृमिनाशक औषध ही दोन्ही दिलेल्या डुकरांत एकही पुटी आढळली नव्हती. तो अहवाल २०१० चा. दुसरी कडी शासनाने आणि महापालिकेने तोडावयाची. शौचालये बांधली म्हणजे काम झाले असे नाही. त्यांतील मैला शुद्धीकरणाशिवाय मुसीत जाता कामा नये. शहराच्या पूर्वेस, नदीच्या प्रवाहाच्या खालच्या अंगास, सांडपाणी मिसळलेल्या ह्याच पाण्यावर म्हशींसाठी पॅरा गवत पिकते आणि काही ठिकाणी पालेभाजीही. आपल्या घरून जे वाहत जाते, त्यातले काही जुडीत बांधून परत आपल्याच दाराशी यावयाचे.

तिसरी कडी आपल्या स्वयंपाकघरात आहे. कोशिंबीर, चटणी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, पुदिना, ह्यांना अग्नीचा स्पर्श नसतो. जुडी सोडून, मुळे कापून, पान न् पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. मिठाच्या किंवा व्हिनेगारच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरतात असा समज आहे. त्यांचे कवच चिवट असते, म्हणून ती धुऊन काढण्यावरच भर असावा. शिजवलेल्या भाजीत ती टिकत नाहीत. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे हा नियम घरातील सर्वांना, नोकरमाणसांनाही, सारखाच लागू असावा. आणि त्यांना त्यासाठी साबण आपण द्यावा. कोणाच्या विष्ठेत चपटे पांढरे तुकडे दिसले तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. मुलाला झटका आला तर देवऋषीच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि कृमीचे औषध आपल्या मनाने देऊ नये. मेंदूत पुटी असेल तर त्याने झटके वाढू शकतात.

त्या मुलाच्या डोक्यातील ठिपका वर्षभरात नाहीसा झाला. त्यानंतरही डॉक्टरांनी सांगितले तोवर गोळ्या चालू होत्या, आणि त्या वेळेवर देण्याचे काम आजीने अंगावर घेतले होते. बहिणीचे लग्न झाले. मुलाकडील मंडळींना वडिलांनी सारे आधीच सांगितले होते, कागदावरील आकृतीसह. घरी कोथिंबीर आता तीन पाण्यांनी धुतात. आजी मात्र अजूनही नातवाची दृष्ट काढतात. वडील मला एकदा म्हणाले, "काढू दे, सर. आता ती कोणाचं नाव घेत नाही."